घड्याळातले आकडे आणि आपला व्यायाम : कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंकाळ्यावर सकाळी सहाच्या सुमाराला एक गंमत बघायला मिळते. फेरी संपली की माणूस आधी पाण्याची बाटली उघडत नाही, आधी मनगट वर करतो. मग शेजारच्याचं मनगट ओढून बघतो. मग चहाच्या गाडीवर वाद सुरू : "आपण बरोबरच पळलो, मग तुझं माझ्यापेक्षा दोनशे मीटर जास्त कसं?" हौशी पळणाऱ्यांच्या एका छोट्या गटाचा सराव मी बरीच वर्षं घेतो आहे. पूर्वी लोक गुडघ्याबद्दल विचारायचे, आता मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाबद्दल विचारतात. तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. जसे विचारले तसेच प्रश्न ठेवलेत.

नवीन घड्याळ घेतलंय. इतकं काय काय दाखवतंय की डोकंच चालेना. सुरुवात कुठून करू?

पहिले दोन आठवडे काहीच करू नका. घड्याळ घाला, नेहमीचा व्यायाम करा, रात्री घालूनच झोपा. घड्याळाला तुमची ओळख व्हायला तेवढा वेळ लागतो आणि तुम्हालाही स्वतःचं 'नेहमीचं' काय आहे ते तेव्हाच कळतं.

त्यानंतर तीनच आकडे धरा : सकाळची विश्रांतीची नाडी, ठरलेल्या एका वाटेवर व्यायाम करतानाची सरासरी नाडी आणि झोपेचे एकूण तास. बाकीचं सगळं दोन महिने झाकून ठेवा. ताणाचा स्कोअर, शरीराची बॅटरी, फिटनेसचं वय वगैरे आकडे बहुतेक याच मूळ मोजमापांतून कंपनीने आपल्या सूत्राने शिजवलेले असतात. रश्शात काय पडलंय ते कळत नसेल तर चवीवरून भांडण्यात अर्थ नाही.

मनगटावरून नाडी कळते तरी कशी? माझं घड्याळ पळायला लागलो की पहिल्या मिनिटातच 170 दाखवतं.

घड्याळ पालथं करून बघा, हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला की मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो. हा चढउतार मोजून घड्याळ ठोके काढतं. म्हणजे ते हृदयाला थेट विचारत नाही, कातडीखाली प्रकाशाचा जो खेळ दिसतो त्यावरून अंदाज बांधतं. म्हणूनच केळ्याला पट्टा बांधला तरी काही घड्याळं खुशाल नाडी दाखवतात. घरी करून बघा, पोरांना मजा वाटते.

तुमच्या 170 चं कारण बहुधा वेगळंच आहे. पळताना हात हलतो, घड्याळ हलतं आणि त्या हलण्याची लय मिनिटाला 160-170 च्या आसपास असते. पावलांची लयही तीच. पट्टा सैल असला की घड्याळ पावलांनाच ठोके समजून बसतं. ओळखायची खूण सोपी आहे. आकडा 170 वर चिकटलाय, पण तुम्ही शेजारच्याशी निवांत गप्पा मारताय, तर तो आकडा पायांचा आहे.

उपाय असा. मनगटाचं जे हाड वर आलेलं असतं, त्याच्या वर कोपराच्या बाजूला दोन बोटं जागा सोडून घड्याळ बांधा. व्यायामापुरता पट्टा एक भोक जास्त आवळा, म्हणजे हात झटकला तरी घड्याळ सरकायला नको. नंतर सैल करा, नाहीतर घामाने पुरळ उठतं. काच आणि खालचा सेन्सर आठवड्यातून एकदा ओल्या कापडाने पुसा. आमच्यातल्या एकाच्या सेन्सरवर घाम, धूळ आणि खोबरेल तेल यांचा असा थर बसला होता की नखाने खरवडावा लागला. गडी दोन महिने आपली नाडी बिघडली म्हणून काळजीत होता. थंडीत हात गार असले तर पहिली दहा मिनिटं आकडा सोडून द्या. मनगटावर गडद गोंदण असेल तर दुसऱ्या हाताला बांधा.

इतकं करूनही वेगवान इंटरव्हलमध्ये, म्हणजे थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असं आलटूनपालटून पळताना, मनगटावरचं घड्याळ मागेच पडतं. तिथे छातीचा पट्टा घ्यावा. तो हृदयाचे विद्युत संकेत पकडतो, त्यामुळे कितीतरी जास्त भरवशाचा.

कमाल नाडी काढायचं 220 वजा वय हे सूत्र बरोबर आहे का?

गर्दीच्या सरासरीसाठी चालतं, तुमच्यासाठी चालेलच असं नाही. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल नाडीत वीस ठोक्यांचा फरक सहज निघतो. 2001 मध्ये 208 वजा वयाच्या 0.7 पट असं एक सुधारित सूत्र आलं. चाळिशीच्या आसपास दोन्हींचं उत्तर जवळपास सारखं येतं, पन्नाशीनंतर फरक पडायला लागतो.

त्याहून मोठा घोळ पुढे आहे आणि तो फारसं कोणी बघत नाही. समजा वय 55. सुधारित सूत्राने कमाल नाडी सुमारे 170. विश्रांतीची नाडी 66. घड्याळ व्यायामाची तीव्रता नाडीवरून पायऱ्यांत वाटतं, त्या पायऱ्या म्हणजे झोन. आता 'झोन दोन' ही सोपी पायरी म्हणजे 60 ते 70 टक्के, पण कशाचे टक्के? निव्वळ कमाल नाडीचे धरले तर झोन येतो 102 ते 119. पण 170 मधून 66 वजा करून उरलेल्या 104 चे (ही राखीव नाडी) टक्के काढून त्यात परत 66 मिळवले, तर झोन येतो 128 ते 139. दुसऱ्या पद्धतीला कार्व्होनेन पद्धत म्हणतात. माणूस तोच, घड्याळ तेच, झोनचं नाव तेच आणि फरक वीस-पंचवीस ठोक्यांचा! ॲपच्या सेटिंगमध्ये 'कमाल नाडीचे टक्के' आणि 'राखीव नाडीचे टक्के' असे पर्याय बहुतेक असतात. आपलं कशावर आहे ते बघून घ्या. दोघांनी आपापले झोन ताडून बघण्याआधी तर नक्कीच.

आणि हे सगळं गणित तोंडाने तपासता येतं. पळताना "काल रात्री आम्ही सगळे मिळून जेवायला गेलो होतो आणि पांढरा रस्सा तीनदा मागवला" एवढं वाक्य मध्ये न थांबता म्हणता आलं तर तुम्ही सोप्या झोनमध्ये आहात. "रस्सा... तीनदा..." असं तुटायला लागलं तर वर गेलात. घड्याळ आणि तोंड यांचं जमत नसेल तर तोंडावर विश्वास ठेवा आणि झोनचे आकडे हाताने बदला.

झोन दोनमध्ये राहायचं म्हटलं तर मला चालावंच लागतं. लोक बघतात हो.

बघू देत. सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं. दोन मिनिटं पळा, नाडी वर गेली की चाला, खाली आली की परत पळा. दीड-दोन महिन्यांत चालण्याचे तुकडे आपोआप आखूड होतात.

लांब पल्ल्याच्या खेळांतले अव्वल खेळाडू आपल्या सरावाचा साधारण 80 टक्के भाग सोप्या तीव्रतेतच करतात. आपण हौशी लोक मात्र रोज मधल्याच कुठल्यातरी वेगाने पळतो. तो वेग ताजंतवानं राहण्याइतका हळू नसतो आणि दम वाढवण्याइतका जोरातही नसतो. त्यात रंकाळ्यावर कोणी मागून पुढे गेलं की आपल्यातला पैलवान जागा होतो. घड्याळाचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथेच दिसतो : सोप्या दिवशी ते तुम्हाला मागे ओढतं. वरच्या मर्यादेला थरथरण्याचा इशारा लावून ठेवा. आठवड्यातला एक, फार तर दोन दिवस जोर लावायचे ठेवा. त्या दिवशी इशारा बंद.

दहा हजार पावलं पूर्ण झालीच पाहिजेत का?

हा आकडा डॉक्टरांच्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. 1965 च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मान्पो-केई' म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव चाललं आणि आकडा जगाला चिकटला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात दिवसाला 4,400 पावलांपासूनच फायदा दिसू लागला आणि साधारण 7,500 नंतर तो फारसा वाढला नाही. तुमची आजची सरासरी 3,500 असेल तर 5,000 चं लक्ष्य धरा. आणि रात्री साडेअकराला हॉलमध्ये फेऱ्या मारून आकडा पुरा करण्यापेक्षा झोपलेलं बरं.

कालच्या राइडला घड्याळाने 900 कॅलरी दाखवल्या. म्हणजे मिसळ आणि वर दोन पाव जास्त चालतील ना?

मिसळ खा की. पण घड्याळाच्या नावावर खाऊ नका.

2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. सातपैकी सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत बरोबर आली. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या यंत्राचीही चूक 27 टक्के होती आणि सगळ्यात वाईटाची 93 टक्के. यंत्रं त्यानंतर सुधारली, तरी कॅलरी हा अंदाजाचा अंदाजच राहतो. शिवाय काही ॲप एकूण कॅलरी दाखवतात, म्हणजे तुम्ही तेवढा वेळ सोफ्यावर पडून राहिला असता तरी ज्या खर्च झाल्याच असत्या त्याही त्यात धरलेल्या असतात. वजनासाठी व्यायाम करत असाल तर आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी वजन करा, त्याची सरासरी काढा आणि कमरेला टेप लावा. ही दोन साधनं तुमच्याशी जास्त प्रामाणिक वागतील.

जानेवारीत ज्या पेसला (किलोमीटरला लागणाऱ्या वेळेला) नाडी 142 होती, एप्रिलमध्ये त्याच पेसला 155 येतेय. फिटनेस गेला का?

नाही, उन्हाळा आलाय. अंग गार ठेवण्यासाठी शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, दर ठोक्याला कमी रक्त पुढे जातं. मग तेवढंच काम करायला हृदयाला ठोके वाढवावे लागतात. तासाभराच्या पळण्यात वेग तोच ठेवला तरी नाडी हळूहळू वर सरकत जाते तीही बऱ्याच अंशी याचमुळे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ऊन जातं पण हवा ओलीकच्च असते. घाम वाळत नाही, त्यामुळे नाडी अजूनही चढीच राहते.

मार्चपासून आमच्या गटात पेस बघायला बंदी असते. नाडी धरून पळायचं, वेग जो येईल तो. उन्हात रोज थोडं थोडं पळत राहिलं तर दहा दिवस ते दोन आठवड्यांत शरीर बऱ्यापैकी सरावतं आणि आकडे थोडे खाली येतात. तुलना करायचीच तर या एप्रिलची गेल्या एप्रिलशी करा. घड्याळाचा हा एक खरा फायदा, जुनी वही हरवते पण हे टिकतं.

मग आपण सुधारतोय हे कळणार कसं?

एक ठरलेली चाचणी ठेवा. आमच्या गटातल्या एक ताई बँकेत नोकरी करतात, पळायला लागल्या तेव्हा सलग दोन मिनिटंही जमत नव्हतं. त्यांना सांगितलं, दर तिसऱ्या रविवारी विद्यापीठाच्या आवारात तीच वाट, तीच वेळ, तेच बूट. दहा मिनिटं अंग गरम करायचं आणि मग तीस मिनिटं नाडी 140 च्या आसपास धरून जेवढं जाता येईल तेवढं जायचं. शंभर पानी वहीत पाच रकाने : तारीख, अंतर, सरासरी नाडी, रात्रीची झोप आणि 'कसं वाटलं'.

पहिल्या रविवारी 3.6 किलोमीटर. दुसऱ्या वेळी 3.7. तिसऱ्या वेळी 3.5, आणि शेजारी शाईने लिहिलेलं : "घरी पाहुणे, झोप साडेचार तास." चौथ्या वेळी 3.9. तो तिसरा आकडा एकटा ॲपवर बघितला असता तर त्या नाउमेद झाल्या असत्या. शेवटच्या रकान्यामुळे कारण जागेवरच सापडलं.

ज्यांचा लाँग रन तासाच्या पुढे गेलाय त्यांनी आणखी एक गोष्ट करून बघावी. सपाट वाटेवर वेग एकसारखा ठेवून पळा आणि नंतर ॲपमध्ये पहिल्या अर्ध्याची व दुसऱ्या अर्ध्याची सरासरी नाडी वेगळी काढा. पहिली 138 आणि दुसरी 149 आली तर वाढ आठ टक्के झाली. गार हवेत ही वाढ पाच टक्क्यांच्या आत राहायला लागली की पाया पक्का होत चालला म्हणायचं. तोवर अंतर वाढवायची घाई नको.

थांबल्यावर नाडी किती झरझर उतरते तेही बघा. जोर संपल्याबरोबर एक आकडा, बरोबर एका मिनिटाने दुसरा. दोन-तीन महिन्यांत ही उतरण वाढत जाते आणि बघायला फार समाधान वाटतं. नेमाने जोर लावूनही पहिल्या मिनिटात बारा किंवा त्याहून कमीच उतरत असेल तर मात्र एकदा डॉक्टरांना दाखवून या.

पन्हाळ्याला सायकलने जातो. चढावर घड्याळ कसं वापरायचं?

चढावर पेस किंवा वेग बघणं म्हणजे स्वतःची उगाच चेष्टा करून घेणं. शहरापासून पन्हाळा वीसेक किलोमीटर, आणि खरा चढ वाघबीळापासून पुढे. तिथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नाडी कामाच्या मागून येते. चढ सुरू झाल्यावर पहिला दीडेक मिनिट आकडा कमीच दिसतो, तेवढ्यात आपण जोशात दाबतो आणि नंतर मधल्या वळणावर जीभ बाहेर. चढाचं पहिलं वळण आपल्याला वाटतं त्यापेक्षा हळूच घ्यायचं. दोन, तोच तुकडा दरवेळी वेगळा 'लॅप' म्हणून नोंदवा. वेळ आणि सरासरी नाडी दोन्ही. वेळ तीच राहून नाडी पाच-सहा ठोक्यांनी खाली आली तर ती प्रगतीच, जरी मित्राला दाखवण्यासारखं त्यात काही नसलं तरी.

पावसाळ्यात हवेच्या दाबावर उंची मोजणाऱ्या घड्याळाच्या बारीक भोकात पाणी किंवा चिखल जातो आणि उंचीचे आकडे वेडेवाकडे येतात. घरी आल्यावर साध्या पाण्याने धुवा. मसाई पठारावरून आलात तर आधी घड्याळ धुवा, मग बूट.

सकाळची नाडी आणि एचआरव्ही यावरून आज व्यायाम करायचा की नाही ते ठरवता येतं का?

बऱ्यापैकी येतं, पण एका दिवसाच्या आकड्यावरून नको.

विश्रांतीची नाडी मोठ्या माणसाची साधारण 60 ते 100 मध्ये असते, चांगला सराव असलेल्यांची 50 च्या खालीही जाते. तुमची नेहमीची 58 असेल आणि सलग दोन-तीन दिवस 65-66 येत असेल तर शरीर काहीतरी सांगतंय : ताप येऊ घातलाय, झोप कमी पडलीय, सराव जास्त झालाय किंवा ऑफिसात डोक्याला ताप आहे. एचआरव्ही म्हणजे दोन ठोक्यांमधल्या अंतरातला बारीक फरक, मिलिसेकंदात. निरोगी हृदय शिवणयंत्रासारखं एकसारखं टकटकत नाही, थोडं पुढेमागे होतं. शरीर निवांत असलं की हा फरक जास्त, ताणात असलं की कमी. दारू, जागरण आणि रात्री उशिराचं जड जेवण तो हमखास खाली आणतात. श्रावण लागायच्या आधीच्या आठवड्यातली मटणाची जेवणं तर आमच्या गटाच्या आलेखात खड्ड्यासारखी दिसतात!

दुसऱ्याच्या एचआरव्हीशी तुलना करूच नका. कोणाचा 30 असतो, कोणाचा 90, दोघंही ठणठणीत असतात. आपला सात दिवसांचा सरासरी आकडा आपल्याच महिनाभराच्या पट्ट्यात आहे का, एवढंच बघायचं. मी पाळतो तो नियम असा : नाडी चढलेली, एचआरव्ही पडलेला आणि अंगही जड, असं तिन्ही जुळलं तर जोराचा दिवस पुढे ढकलायचा, नुसतं चालून यायचं. फक्त घड्याळच तक्रार करतंय आणि अंग टवटवीत आहे, तर पळायचं, पहिल्या पंधरा मिनिटांत कळतंच. उलटही होतं. एकदा सकाळी माझ्या घड्याळाने 'आज तुम्ही पूर्ण तयार' असा हिरवा शिक्का दिला. घसा खवखवत होता, तरी शिक्क्यावर विश्वास ठेवून मी इंटरव्हल मारली आणि पुढचे पाच दिवस अंथरुणात काढले. घशाचं घड्याळाला काय कळणार.

गाढ झोप फक्त 40 मिनिटं दाखवतंय. काळजी करू का?

नको. किती वाजता झोपलात आणि एकूण किती तास झोप झाली हे घड्याळ बऱ्यापैकी सांगतं. गाढ झोप, स्वप्नांची झोप ही विभागणी मात्र ते हालचाल आणि नाडीवरून ताडतं. ती नीट मोजायला डोक्याला तारा लावून मेंदूचे संकेत टिपावे लागतात. झोपेच्या स्कोअरच्या काळजीनेच झोप उडालेले लोक मी पाहिलेत. त्यांना महिनाभर रात्री घड्याळ काढून ठेवायला सांगतो.

तालमीत जोर-बैठका मारतो, जिमलाही जातो. घड्याळ त्यातलं काहीच धड पकडत नाही.

पकडणार नाहीच. जोर मारताना मनगट वाकतं, डंबेल घट्ट धरला की हाताचे स्नायू आवळतात आणि सेन्सरखालचं रक्त अडतं. शिवाय ताकदीच्या व्यायामाचं मोजमाप नाडीत नसतंच. ते वजनात, आवर्तनांत आणि सेटमध्ये असतं. तिथे पुन्हा वही. किती किलो, किती वेळा, आणि शेवटी अजून किती निघाले असते. "अजून दोन निघाले असते" हे वाक्य सलग दोन आठवडे लिहिलं गेलं की वजन वाढवायचं.

घड्याळ तिथे दोनच कामांना ठेवा : दोन सेटमधली विश्रांती मोजायला आणि महिन्यात किती दिवस गेलात ते बघायला. विश्रांतीचं म्हणाल तर जिममध्ये दीड मिनिटाची विश्रांती फोन हातात आला की सहा मिनिटांची होते.

कुस्तीला आखाड्यात उतरताना घड्याळ काढायचंच, हे सांगायला नको. माती सेन्सरचं वाटोळं करते ते वेगळं, समोरच्याला लागलं तर वस्ताद बोलतील ते वेगळं. पैलवानांनी सकाळी उठल्याबरोबरची नाडी आणि झोप यांच्यापुरतं वापरावं. जोड संपल्यावर बोटं मानेला लावून पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं, हा जुना हिशोब अजूनही छान चालतो.

पोहताना?

लांब्या, वेळ आणि एका लांबीला हात किती मारले, एवढं बघा. वेळ तीच राहून हात कमी झाले तर हात सुधारला. पाण्यात मनगटावरची नाडी फारशी मनावर घेऊ नका. आणि तलावाची लांबी 25 की 50 मीटर ते सेटिंगमध्ये आधी भरा, नाहीतर एका दिवसात विक्रम होतो.

माझा व्हीओटू मॅक्स 38 आणि माझ्या धाकट्या भावाचा 46. तो तर दिवसभर दुकानात बसतो!

दोघांची घड्याळं वेगळी असतील तर तुलना तिथेच सोडा. व्हीओटू मॅक्स म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप. खरा आकडा तोंडाला मास्क लावून, ट्रेडमिलवर पार दम निघेपर्यंत पळवून मोजतात. घड्याळ तुमचा वेग आणि त्या वेळची नाडी यांच्या मेळावरून तो ताडतं. म्हणून वय-वजन चुकीचं भरलं, कमाल नाडी चुकली किंवा पट्टा सैल राहिला की आकडा बिघडतो. ज्योतिबाच्या डोंगरावर चालत जाताना 'पळणं' हा पर्याय चुकून चालू राहिला तर घड्याळाला वाटतं, इतका हळू पळतोय आणि नाडी इतकी वर, गडी गेला कामातून. चढ आणि ट्रेकसाठी त्याचा तो पर्याय निवडा. आकड्याकडे तीन महिन्यांतून एकदा बघा.

अंबाबाई मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत अंतर जास्त का येतं?

उंच इमारतींवर आपटून उपग्रहाचा संकेत वाकडातिकडा येतो, मग नकाशावर तुम्ही लोकांच्या घरांतून पळताना दिसता. उघड्यावर उभं राहून जीपीएस पक्कं लागेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा, मग सुरू करा. रंकाळ्यावरच्या दोनशे मीटरचं भांडणही बरंचसं यातलंच, उरलेलं कोण वळणं आतून घेतं त्याचं.

बीपीची गोळी चालू आहे. झोन कसे धरू?

गोळीचं नाव बघा आणि डॉक्टरांना विचारा. बीटा-ब्लॉकर गटातली गोळी असेल तर ती नाडी वर जाऊच देत नाही, त्यामुळे वयाच्या सूत्रावरचे सगळे झोन फोल ठरतात. घड्याळ म्हणत राहील "अजून जोर लावा", आणि तुम्ही आधीच दमलेले असाल. अशा वेळी बोलण्याची चाचणी आणि दहापैकी किती कष्ट पडले हा स्वतःचा अंदाज, याच दोन गोष्टी धरा. गोळी घड्याळासाठी स्वतःहून बंद करू नका, असं करणारेही भेटलेत.

छातीत दाबल्यासारखं होणं, हात किंवा जबडा भरून येणं, भोवळ, एकाएकी लागलेली धाप, यांपैकी काहीही झालं तर थांबा आणि सरळ दवाखाना गाठा. घड्याळात सगळं हिरवं दिसतंय म्हणून घरी बसू नका. अनियमित ठोक्यांचा इशारा वारंवार येत असेल तर घाबरून न जाता तो डॉक्टरांना दाखवा, ते पुढची तपासणी ठरवतील.

पळण्याचा नकाशा सगळ्यांना दिसतो, त्यात काही धोका?

आहे. 2018 च्या सुरुवातीला एका लोकप्रिय ॲपच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या पळण्याच्या वाटांवरून लष्करी तळांचे आकार दिसल्याची बातमी जगभर गाजली होती. आपल्याकडे प्रश्न साधा आहे : रोज पहाटे साडेपाचला तुम्ही कुठल्या दारातून बाहेर पडता ते अनोळखी माणसाला का कळावं? सेटिंगमध्ये घराभोवतीचा भाग लपवायची सोय असते, ती चालू करा. एकट्या पळणाऱ्या ताई-माईंनी नोंद फक्त ओळखीच्यांना दिसेल अशी ठेवावी आणि थेट ठिकाण फक्त घरच्यांना पाठवावं.

मी नवीन घेतलं, जुनं घड्याळ वडिलांना देतोय. काही करावं लागेल?

आधी तुमची माहिती काढून घड्याळ पूर्ण रिकामं करा आणि त्यांचं वेगळं खातं उघडा. वय, वजन, उंची त्यांची भरा. हे न करता दिलेली घड्याळं मी इतकी पाहिलीत की विचारू नका. सत्तरीच्या आजोबांना पस्तिशीचे झोन लागलेले आणि ते बिचारे रंकाळ्यावर आकडा गाठायला धापा टाकतायत. कोणत्या हाताला घालणार तेही सेटिंगमध्ये सांगा, नाहीतर तंबाखू मळण्याचीसुद्धा पावलं मोजली जातात. अक्षरं मोठी करा. पडल्यावर फोन लावण्याची सोय असेल तर तुमचा नंबर घाला आणि एकदा त्यांच्यासमोर करून दाखवा. बाकीचे सगळे इशारे बंद. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी ते तुम्हाला बोलावून विचारतील, "हे बघ रे, आज किती झालं?" तेव्हा घाईत असलात तरी थांबून बघा.